भांड्यांवरील पिष्टकणांवरून प्राचीन अन्नाची ओळख

उत्खननात मिळालेल्या खापरांच्या छिद्रांत, पाट्या-वरवंट्यांच्या खळग्यांत अडकलेल्या पिष्टकणांवरून, म्हणजे स्टार्चच्या कणांवरून, तिथे काय दळले वा शिजवले हे ओळखण्याची पद्धत. इस्रायलमधील ओहालो २ या सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीतील दळणाच्या दगडावर रानटी सातूचे पिष्टकण सापडले. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे हे दळण.

वस्तू उत्खननानंतर धुवायची नाही, ही पहिली अट. आधी कोरडा ब्रश फिरवतात, मग ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला, शेवटी वस्तू अल्ट्रासोनिक कुंडात, म्हणजे ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या पाण्याच्या भांड्यात धरतात. तिन्ही गाळ वेगळे ठेवावेत: पहिल्यात बहुधा भोवतालची माती येते, खोल बसलेले कण तिसऱ्यात. पिष्टाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असल्याने १.७ ते १.८ घनतेच्या सोडियम पॉलिटंगस्टेट या जड क्षाराच्या द्रावणात ते सेंट्रिफ्यूजनंतर, म्हणजे यंत्रात वेगाने गरगर फिरवल्यावर, तरंगते आणि खनिजे तळाशी बसतात. द्रावण धुऊन काढून गाळाचा थेंब ग्लिसरीनमध्ये ४०० पट मोठा करून पाहतात.

ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशात अखंड कणावर काळी फुली उमटते. तिचे केंद्र मध्यावर आहे की टोकाला, कणाचा आकार काय, भेगा कशा, यांवरून वनस्पती ठरते. तांदळाचे कण ३ ते ८ मायक्रोमीटरचे, बहुकोनी. बटाट्याचे १०० पर्यंत, केंद्र एका टोकाला. गव्हात मोठे भिंगाकार आणि बारीक गोल असे दोन गट. एकट्या कणावरून नाव देऊ नये. आजच्या वनस्पतींच्या संदर्भसंग्रहाशी कणांचा समूह जुळला पाहिजे.

खरी अडचण शिजवण्याच्या भांड्यात येते. पाण्यात साधारण ५५ ते ८० अंश सेल्सियसला कण फुगतो, फुली पुसली जाते. काँगो रेड रंग लावला तर असे फुगलेले पिष्ट लाल दिसते. म्हणूनच उकळण्याच्या भांड्यात नुसते अखंड कण मिळाले तर आधी संशय घ्यावा. पूड लावलेल्या हातमोज्यांतून मक्याचे पिष्ट सहज येते, काही बुरशींचे बीजाणूही फुली दाखवतात. त्यामुळे पूडविरहित हातमोजे वापरावेत, आणि तुलनेसाठी प्रयोगशाळेत उघड्या ठेवलेल्या कोऱ्या काचपट्ट्या, वस्तूलगतची माती आणि दगडाची न वापरलेली बाजू यांचे नमुने हवेतच.

पिष्ट नष्ट झाले तरी पेशींतील सिलिकाचे कण, म्हणजे फायटोलिथ, जळूनही टिकतात; धान्याच्या तुसांसाठी ते उपयोगी, कंदांसाठी फारसे नाहीत. खापरात मुरलेली स्निग्धद्रव्ये गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वायुरूपात घटक वेगळे करून, तपासतात. तिथे मिलियासिन हे वरीवर्गीय धान्यांत आढळणारे रसायन मिळाले तर अशा धान्याचा अंदाज बांधता येतो, पण त्याच भांड्यात मांस शिजले असेल तर प्राण्यांची चरबी वनस्पतींची अल्प स्निग्धता झाकून टाकते.