गाडीच्या एसीत गॅस किती आहे, हे गेज सांगत नाही
एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस संपलाय, भरून घ्या’ असं सर्रास म्हटलं जातं. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कूलिंग कॉइलमध्ये उकळून केबिनमधली उष्णता घेतो, कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होऊन ती बाहेर टाकतो आणि परत फिरतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, तेवढं सोडलं तर कमी झाला म्हणजे गळाला. आधी गळती शोधा. जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथली ओ-रिंग (जोड घट्ट ठेवणारं रबरी कडं) पहिल्यांदा तपासा.

बंद गाडीला दाब मोजणारं गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हणणं ही तर मोठीच फसगत. ३० अंशांना आर-१३४ए चा (गाड्यांच्या एसीत सर्रास भरला जाणारा गॅस) दाब गेजवर सुमारे ६.७ बार दिसतो, मग आत ५०० ग्रॅम असो की ३००. थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरवतं ते तापमान. लायटर अर्धा रिकामा झाला तरी ज्योत तशीच राहते, तसंच हे. म्हणून उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करायचा (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून घ्यायचा), व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा परत चढत नाही ना ते बघायचं आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. व्हॅक्यूम टाळला तर आत राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी दाब उतरवणारी बारीक वाट) गोठतं, शिवाय आम्ल तयार करतं. गॅस कमी पडला तर त्याच्यासोबत फिरणारं तेलही गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे पुरेसं परतत नाही. जास्त झाला तर कंडेन्सर द्रवाने भरतो, दाब चढतो आणि गारवा उलट घटतो.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याचा एक किलो शंभर वर्षांत सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणूनच तो हवेत सोडू नये. युरोपीय संघात २०१७पासून नव्या मोटारींत हा आकडा १५० च्या आत असावा लागतो. तिथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ हा गॅस आला. तो सौम्य ज्वलनशील आहे. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गॅरेजमधल्या खड्ड्यात साचतात आणि श्वास कोंडतो. ज्योतीत सापडले तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड बनतं. द्रवाचा फवारा डोळ्यात गेला तर डोळा गोठतो. गॉगल आणि हातमोजे हवेतच.

स्वस्तात मिळणारं प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण मात्र कधीही भरू देऊ नका. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते; ती फुटली की हा अतिज्वलनशील वायू थेट केबिनमध्ये येतो.