बॅगपाइप: नऊ स्वर आणि न थांबणारा सूर

बॅगपाइपवर दोन गोष्टी करता येत नाहीत. मध्येच थांबता येत नाही आणि आवाज लहान करता येत नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, शतकानुशतकं या वाद्यासाठी जे संगीत रचलं गेलं, ते सगळं या दोन अडचणींतून वाट काढत गेलं. त्या धुनांमागे सांगितल्या जाणाऱ्या कहाण्याही पुष्कळदा तिथेच येऊन पोहोचतात.

आधी वाद्य पाहू. वादक काखेतली पिशवी फुंकनळीने भरत राहतो आणि कोपराने दाबत राहतो. पिशवीला जोडलेल्या एका नळीवर बोटं चालतात, तो चँटर. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या फक्त सूर धरतात: दोन टेनर आणि एक लांबलचक बेस. चँटर आपल्या सनईच्या कुळातला. आतून निमुळता, शंकूसारखा, आणि पत्तीही तशीच दुहेरी. सनईवाला गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, इथे गालाचं काम पिशवी करते. पण सनईची पत्ती वाजवणाऱ्याच्या ओठांत असते, म्हणून त्याला आवाज लहानमोठा करता येतो, स्वराला बाक देता येतो. चँटरची पत्ती आत लाकडी खोबणीत बंद असते. ओठ तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

त्या पत्तीला दाबही ठरावीकच लागतो. पाण्याचा साधारण 30 इंच उंचीचा स्तंभ तोलून धरेल इतका. दाब कमी झाला की चँटर गप्प होतो, वाढला की सूर चढतो. त्यामुळे वादकाची निम्मी कसरत श्वास आणि कोपर यांचा मेळ बसवण्यातच जाते, आणि आवाजाची पातळी एकच राहते: शंभर डेसिबलच्या पुढची. पिशवीत कोंडलेली ती दमट हवा बुरशीलाही मानवते. 2016 साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका वादकाची केस प्रसिद्ध झाली. रोज वाजवणारा हा माणूस फुफ्फुसाच्या विकाराने दगावला होता आणि त्याच्या वाद्यात अनेक जातींच्या बुरश्या सापडल्या होत्या. मधे तो काही महिने वाद्य न घेता ऑस्ट्रेलियात राहिला, तेव्हा त्याला चक्क बरं वाटलं होतं. वाद्य पुसून कोरडं ठेवा, हा जुन्या उस्तादांचा धोशा उगाच नव्हता.

आता मुख्य पेच. स्वर तोडता येत नसेल तर ‘सा सा’ असा एकच स्वर दोनदा कसा वाजवायचा? दोन्ही मिळून एकच लांब ‘सा’ ऐकू येईल. उपाय म्हणजे कण. दोन ‘सां’च्या मधे दुसऱ्याच स्वराचा एक निसटता स्पर्श, सेकंदाच्या काही शंभराव्या भागापुरता. इतका छोटा स्वर कानाला वेगळा स्वर म्हणून कळत नाही, ठोका म्हणून कळतो. तबल्याविना ताल उभा राहतो तो असा. या कणांचे पुढे ठरीव गुच्छ झाले, त्यांना नावं पडली. ‘क्रुनलुआ’ नावाच्या गुच्छात पापणी लवायच्या आत सात कण येतात. आवाज वाढवून जोर देता येत नाही म्हणून वादक स्वर रेंगाळवून किंवा कणांची दाटी करून जोर देतो. भावना दाखवायची ती फक्त वेळेच्या हिशेबात.

आणि स्वर किती? नऊ. षड्जाच्या खाली एक आणि वर एक सप्तक, बस्स. सप्तक आपल्या खमाज थाटासारखं: सगळे शुद्ध, निषाद तेवढा कोमल. पियानोची सवय असलेल्यांना हा निषाद हटकून बेसूर वाटतो. 1960च्या आसपास ग्लासगोच्या शेमस मॅकनील आणि जॉन लेनिहान यांनी हे स्वर मोजले. मॅकनील विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि स्वतः पट्टीचे पाइपर होते. असा योग क्वचित जुळतो. त्यांच्या मोजणीत निषाद षड्जाच्या जवळजवळ 7/4 पट निघाला. आता थोडं गणित. चँटरचा षड्ज 480 हर्ट्झ धरला तर टेनर नळ्या 240वर लागतात आणि बेस 120वर. बेसची नळी आतून सरळ आणि पत्तीच्या टोकाला बंद असल्यासारखी. अशा नळीत तत्त्वतः विषम पटींतले स्वयंभू स्वर (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे) ठळक असतात: तिसरा, पाचवा, सातवा. 120 गुणिले 5 म्हणजे 600, हा झाला शुद्ध गंधार. 120 गुणिले 7 म्हणजे 840, हाच तो निषाद! पियानोवर तोच 855च्या जवळ येईल आणि खांद्यावरच्या सुराशी भांडेल. बेसूर कोण, हे शेजारी कोणता सूर चालू आहे त्यावर ठरतं. माझ्या मते या वाद्यातलं सगळ्यात देखणं गुपित हेच: चँटरवर बोटांनी वाजणारे बरेचसे स्वर खांद्यावरच्या नळीत आधीच घुमत असतात.

नऊच स्वर असले की धुनेला कात्री लागते. ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ हा स्कॉटलंडचा सर्वांत ओळखीचा शोकस्वर. 9 सप्टेंबर 1513 रोजी फ्लॉडनच्या लढाईत राजा चौथा जेम्स आणि त्याची हजारो माणसं पडली, त्यांच्यासाठी. सतराव्या शतकातल्या स्कीन हस्तलिखितात ही चाल सापडते, पण तिच्यातले काही स्वर बॅगपाइपवर नाहीतच. म्हणून पाइपर वाजवतात ती बदललेली चाल. आणि तीही अंत्यविधीला किंवा स्मृतिदिनालाच. एरवी चारचौघांत वाजवायची नाही असा संकेत बहुतेक जण पाळतात.

पण खरा ऐवज आहे ‘पिब्रॉख’मध्ये. ही नाचाची किंवा कवायतीची गाणी नव्हेत. आधी ‘ऊर्लर’, म्हणजे मूळ संथ धून. मग तिचे एकेक विस्तार, प्रत्येक वेळी कणांची वीण अधिक दाट, शेवटी क्रुनलुआचा पाऊस, आणि पुन्हा ती उघडी, संथ धून. सगळं मिळून दहा ते वीस मिनिटं. स्काय बेटावरच्या डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांकडे मॅक्रिमन घराणं पिढ्यानपिढ्या पाइपर होतं. या घराण्यातल्या पॅट्रिक मोरला आठ मुलगे होते आणि वर्षभरात त्यातले सात देवीच्या साथीत गेले, अशी परंपरा सांगते. ‘लॅमेंट फॉर द चिल्ड्रेन’ हा पिब्रॉख त्याच्याच नावावर आहे. त्यातला सप्तक तोच, ज्यात लग्नाच्या वराती वाजतात. दुःख स्वरांत नाही, एकेका स्वरावर किती वेळ थांबायचं यात आहे.

याच घराण्यातल्या डोनाल्ड बानची गोष्ट तर नाटकात शोभेल अशी. मॅक्लाउड सरकारी बाजूचे. डिसेंबर 1745मध्ये इन्व्हरयुरीच्या चकमकीत डोनाल्ड बान जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या, बंडखोरांच्या हाती लागला. दुसऱ्या सकाळी बंडखोरांच्या छावणीत एकही पाइप वाजेना. आमचा गुरू कैदेत असताना आम्ही वाजवणार नाही, असं त्यांचे पाइपर म्हणाले, अशी आख्यायिका आहे. त्याला सोडून दिलं. पुढच्या फेब्रुवारीत बंडखोरांचा नेता राजपुत्र चार्ल्स याला मॉय इथे झोपेतच पकडायला सरकारी बाजूचा लॉर्ड लाउडन सुमारे 1500 माणसं घेऊन रात्री निघाला. वाटेत डोनाल्ड फ्रेझर नावाच्या लोहाराने चार-पाच साथीदारांसह अंधारात गोळ्या झाडल्या आणि वेगवेगळ्या कुळांच्या नावाने आरोळ्या ठोकल्या. अख्खी फौज पळाली. मेला तो डोनाल्ड बान. आपण परत येणार नाही हे त्याला आधीच कळलं होतं आणि निघताना त्याने स्वतःचाच शोकस्वर रचला, असं सांगतात. अशी भाकितं माणूस गेल्यावर जास्त खरी ठरतात, हे आपण जाणतोच.

दुसरी कहाणी आर्गाइलमधल्या लॉक क्रिननच्या काठावरच्या डंट्रून किल्ल्याची. शत्रूच्या कैदेत पडलेला पाइपर बुरुजावरून पाहतो, तर आपल्या धन्याची होडी थेट सापळ्याकडे येतेय. तो ओळखीची धून काढतो, पण तिच्यात मुद्दाम चुका करतो. धनी समजतो, होडी वळवतो. पाइपरचे हात तोडले जातात. हीच गोष्ट इतर किल्ल्यांबद्दलही सांगतात, त्यामुळे इतिहास म्हणून ती घेऊ नये. पण भौतिकशास्त्राच्या अंगाने तिच्यात अशक्य काही नाही. थंड पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की ध्वनिलहरी खाली वळतात आणि पाण्यावरून लांबवर जातात. आणि ज्याला धून कणाकणानिशी पाठ आहे, त्याला एक कण इकडचा तिकडे झालेला लगेच टोचतो.

हे पाठांतर कसं व्हायचं? नोटेशन नव्हतं. गुरू धून बोलांत गाऊन दाखवायचा: ‘हिहारिन, होदिन…’ ढोबळमानाने स्वरवर्णावरून मुख्य स्वर कळतो आणि व्यंजनावरून कण. या पद्धतीला कँटरॉख म्हणतात. कॉलिन कॅम्बेलने 1797च्या सुमारास अशा बोलांच्या वह्याच लिहून काढल्या. त्यातल्या दोन आज उपलब्ध आहेत आणि त्यांत 169 पिब्रॉख आहेत. तिसरी वही हरवली. न कळणाऱ्याला ती पानं निव्वळ बडबड वाटतील.

वाद्याबद्दलचं पहिलं शास्त्रशुद्ध लेखन मात्र आपल्याकडे, बंगालात सापडलं. जोसेफ मॅकडोनाल्ड हा पाद्र्याचा मुलगा 1760मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी निघाला. बॅगपाइपचा सिद्धांत आणि बोटांचे नियम लिहिलेलं हस्तलिखित त्याने मागे ठेवलं आणि 1763मध्ये तो इथेच वारला. वीसेक वर्षांनी एका स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याच्या हाती ते लागलं, आणि 1803मध्ये जोसेफच्या भावाने ते एडिनबरात छापलं.

1745-46च्या त्या बंडानंतर इंग्रजांनी बॅगपाइपवर बंदी घातली, असं सर्रास लिहिलं जातं. बंडानंतरच्या कायद्यात शस्त्रं आणि हायलँडचा पोशाख आहे, पाइपचा उल्लेखच नाही. गैरसमजाचं मूळ बहुधा बंडखोरांचा पाइपर जेम्स रीड याच्या खटल्यात असावं. मी हत्यार उचललंच नाही, फक्त वाजवलं, हा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला: हायलँडची फौज पाइपरशिवाय कूच करत नाही, तेव्हा पाइप हेही युद्धाचं साधन. 1746मध्ये त्याला यॉर्कमध्ये फाशी दिलं.

पुढे ब्रिटिश सैन्याने हेच साधन उचललं. न थांबणारा, न दबणारा आवाज रणांगणावर उपयोगीच. 25 सप्टेंबर 1915 रोजी लूसच्या लढाईत आपल्याच बाजूने सोडलेला क्लोरीन वायू खंदकांत पसरत असताना डॅनियल लेडलॉ वर चढला आणि ‘ब्लू बॉनेट्स ओव्हर द बॉर्डर’ वाजवत राहिला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तोच मान जॉर्ज फिंडलेटरला त्याआधी, 20 ऑक्टोबर 1897च्या लढाईसाठी मिळाला होता. वायव्य सरहद्दीवरच्या दरगाईच्या चढावर पायांना गोळ्या लागल्या तरी तो खडकाला टेकून वाजवत बसला. वर्तमानपत्रांनी छापलं, धून होती ‘कॉक ओ’ द नॉर्थ’. फिंडलेटरचं म्हणणं वेगळं: ती धून वाजवण्याचा हुकूम आपल्याला ऐकूच आला नाही, आपण ‘हॉज ऑफ क्रॉमडेल’ वाजवली. वाजवणारा स्वतः सांगत होता, तरी लोकांच्या तोंडी राहिली ती वर्तमानपत्रातलीच.