आकाशदर्शनाच्या रात्री: वेधशाळेतून माळरानावर

पावसाळा सरला, आकाश निवळलं आणि अमावस्येजवळचा शनिवार आला की संध्याकाळच्या कर्जत लोकलने काही मंडळी वांगणीला उतरतात. पाठीवरच्या पिशवीत चटई, स्वेटर, रात्रीचा डबा आणि काचेवर लाल जिलेटीन चिकटवलेली बॅटरी. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला सरावायला पुन्हा वीसेक मिनिटं जातात, म्हणून लाल. रात्रभर आकाश पाहायचं आणि सकाळच्या गाडीने घरी परतायचं. मुंबईच्या खगोल मंडळाने रुजवलेला हा रिवाज आता इतका अंगवळणी पडलाय की तो कुठून आला, हे सहसा कुणी विचारत नाही.

मागे जायचं तर पुण्यापासून सुरुवात करावी लागते. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी दिलेल्या देणगीत सरकारने भर घातली आणि खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेत, वेधशाळा उभी केली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी जेऊरला तळ ठोकला होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा मोडली आणि सगळी उपकरणं कोडाईकनालला रवाना झाली. एक माणूस खुर्चीवरून उठला आणि एवढ्या मोठ्या शहराची दुर्बीण गेली! हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

तसं आकाश आपल्याला परकं कधीच नव्हतं. मृग लागला की पेरणी, पुढे हस्ताचा पाऊस, सगळं नक्षत्रांच्याच हिशेबाने. पण मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, म्हणजे नेमकं तेव्हा ते नक्षत्र दिसतच नाही. ते पाहायचं तर थंडीतल्या रात्री बाहेर पडायला हवं. जन्मभर मृगाचं नाव घेणाऱ्या माणसाला ते तीन टपोरे तारे, ती बाणाची सरळ रेघ पहिल्यांदा बोटाने दाखवली की तो क्षणभर गप्प होतो. आकाशदर्शनाचं खरं काम तिथे सुरू होतं, दुर्बीण त्यानंतर.

हे काम हौशी लोकांनी संघटितपणे हाती घेतलं ते २२ ऑगस्ट १९४४ रोजी, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली तेव्हा. हौशी खगोलप्रेमींची देशातली ही सर्वांत जुनी संस्था. तिचा पत्ता टिळक स्मारक मंदिराचा, हे मला फार समर्पक वाटतं, कारण याच मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न लोकमान्यांनी १८९३ मध्ये केला होता. नायगमवालांच्या वेधशाळेसारखी ही संस्था एका माणसावर उभी नव्हती. नोकरीधंदा सांभाळून येणारे सभासद बदलत गेले आणि ती टिकली.

तरीही आकाशाची भीती सहजासहजी गेली नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला भरदुपारी रस्ते ओस पडले होते, लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले. सहा वर्षांनी हॅलेचा धूमकेतू आला आणि चित्र पालटलं. खरं तर १९१० च्या मानाने ती फेरी अगदीच फिकी होती, शहरातून जेमतेम धूसर ठिपका दिसायचा. पण त्या ठिपक्यासाठी माणसं पहाटे उठून अंधार शोधत गावाबाहेर गेली. खगोल मंडळाची सुरुवात याच लाटेतली.

अडचण होती ती दुर्बिणींची. विकतची परवडत नसे, मग घरीच बनवायची. दोन जाड गोल काचा एकमेकींवर ठेवायच्या, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि टेबलाभोवती फिरत तासन् तास घासायचं. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर; ती खोलगट काच म्हणजेच दुर्बिणीचा आरसा. शेवटी डांबरासारख्या पिचवर पॉलिश, आणि दाढीच्या ब्लेडची धार प्रकाशात आडवी धरून आरशाची परीक्षा. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका उंचवटाही त्यात सावलीसारखा उठून दिसतो! पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राने अशा दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, आणि स्वतः घासलेल्या आरशातून चंद्रावरची विवरं पाहणारे शिक्षक आणि विद्यार्थी तयार झाले.

दरम्यान शहरांचा उजेड वाढत गेला. गच्चीवरून चंद्र आणि ग्रह अजून दिसतात, आकाशगंगेचा पट्टा मात्र नाही. म्हणून तर माणसं वांगणीसारख्या ठिकाणी जाऊ लागली, आणि आता तिथलाही अंधार पातळ होत चाललाय. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघासारखाच अंधारही राखावा लागतो, हे तिथे सरकारदरबारी मान्य झालं, याचं मला मोल वाटतं.

दुर्बिणीपुढची रांग मात्र सगळीकडे सारखीच. लहानांसाठी स्टूल, "नळीला हात लावू नका, फक्त डोळा जवळ आणा" ही सूचना, आणि शनीची पाळी आली की ठरलेला प्रश्न, "हे खरं आहे की आत चित्र चिकटवलंय?" मार्च २०२५ मध्ये शनीभोवतीची ती कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, जवळजवळ नाहीशीच. आता ती पुन्हा उघडू लागली आहेत आणि २०३२ पर्यंत रुंदावत जातील. आत्ता पाहून गेलेल्यांनी दर वर्षी एकदा यावं.