बेळगावच्या पळण्याच्या वाटा : पार्श्वभूमी

किल्ला तलाव, रेसकोर्स, काँग्रेस रोड, व्हॅक्सिन डेपो. बेळगावात पहाटे पळणाऱ्या कुणालाही विचारा, या चारांतली दोन नावे तरी येतातच. यांतली एकही जागा पळण्यासाठी झालेली नाही. पहिली किल्ल्याच्या सावलीत राहिलेली, दुसरी घोड्यांची, तिसरीला एका अधिवेशनाने नाव दिले आणि चौथी देवीच्या लसीसाठी राखलेली. पळणाऱ्यासाठी म्हणून गावाने वीतभर जागा कधी सोडली नव्हती. दुसऱ्यांची कामे संपली किंवा आटोपती झाली आणि मग आपण बूट घालून तिथे शिरलो. पुढची बहुतेक भांडणे यातूनच निघाली आहेत.

किल्ल्याचा इतिहास शाळेतच होऊन जातो, तो इथे उगाळत नाही: रट्ट राजे, आतले १२०४ चे कमल बस्ती हे जैन मंदिर, १४७० च्या दशकात बहामनी, १८१८ मध्ये इंग्रज. पळणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हा किल्ला भुईकोट. डोंगराचा आधार नव्हता म्हणून भोवती रुंद खंदक खणावा लागला. त्या सपाटीमुळेच आज किल्ल्याच्या बाजूला दम न लागता चार-सहा किलोमीटर काढता येतात. डोंगरावरच्या राजहंसगडावर हा हिशेब चालत नाही. तिथे पोटऱ्या उसन्या आणाव्या लागतात.

किल्ल्याशेजारच्या पाण्याला मराठीत किल्ला तलाव म्हणतात, कन्नडात कोटे केरे, आणि मिश्र मंडळीत वाद नको असेल तर फोर्ट लेक. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘उद्या सहाला तलाव’ एवढेच लिहितात, प्रश्न तिथेच मिटतो. २०१८ मध्ये या काठावर ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. त्यावर झेंडा असला की वारा कुठून आहे ते लांबूनच कळते आणि पहिली फेरी उलटी मारायची की सुलटी हे चहाच्या टपरीपाशीच ठरते.

जुन्या गावात पळायला जागा नाही, पूर्वीही नव्हती. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार या बाजाराच्या गल्ल्या. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, तिथे विणकरांचे माग आणि घराला घर चिकटलेले. मोकळेपणा आला तो कॅम्पात. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि छावणीच्या रिवाजाप्रमाणे सरळ रुंद रस्ते आखले, दुतर्फा झाडे लावली, बंगल्यांना ऐसपैस आवारे दिली. १९२२ मध्ये मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आले आणि या रस्त्यांवर पहाटेची शिस्तीतली दौड कायमची झाली. आजही कॅम्पात पळताना समोरून जवानांची तुकडी आली की नागरिक आपोआप कडेला होतो. कुणी सांगावे लागत नाही.

टिळकवाडी त्यामानाने कालची. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच बाजूच्या माळावर. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आणि काँग्रेस रोड हे नाव, एवढे त्यातले रोजच्या वापरात राहिले. शताब्दीच्या वेळी २०२४ मध्ये शहरभर रोषणाई झाली, ती पाहायला लोक रात्री अकरापर्यंत रस्त्यावर होते आणि आठवडाभर पहाटेच्या मंडळींची झोप बिघडली. एरवी या रस्त्याचे दुखणे म्हणजे रेल्वे गेट. कुठले ना कुठले बंदच. गेटपाशी घड्याळ थांबवून जागच्या जागी उड्या मारणारी माणसे दिसली तर समजावे, कुणाची तरी दहा किलोमीटरची वेळ वाया चालली आहे.

आता ‘ट्रॅक’ या शब्दाकडे वळायला हवे, कारण गेल्या काही वर्षांतला सगळा गोंधळ त्याच्यात आहे. टिळकवाडीतल्या जुन्या माणसाला ट्रॅक म्हणजे रेल्वेचा रूळ. मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला ट्रॅक म्हणजे चुन्याने आखलेली ४०० मीटरची फेरी. आणि कंत्राटाच्या कागदात ‘जॉगिंग ट्रॅक’ म्हणजे दोन्ही कडांना सिमेंटचे कर्ब आणि मधे पेव्हर ब्लॉक. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले. ‘ट्रॅक करणार’ असे ऐकून तिन्ही प्रकारचे लोक खूश झाले, आणि तिघांच्याही डोळ्यांपुढे वेगवेगळे चित्र होते.

भांडण पेटले ते व्हॅक्सिन डेपोवर. नावात डेपो असला तरी एसटीचा याच्याशी संबंध नाही. इथे देवीची लस तयार होत असे. त्या काळात ती वासरांच्या अंगावर वाढवत, म्हणून जनावरे, चारा, गोठे अशा सगळ्यालाच मोठी जागा लागे. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, आणि देवीच्या लसीचे कामच उरले नाही. जमीन मात्र राहिली, सरकारी असल्यामुळे प्लॉट न पडता राहिली. झाडे वाढली, खाली पालापाचोळ्याचा थर साचला आणि त्यातून पायांनीच वाटा पाडल्या. टिळकवाडीची निम्मी पिढी या वाटांवर चालून मधुमेह आटोक्यात ठेवते आहे.

अशा जागेत सुशोभीकरण येणार म्हटल्यावर दोन तट पडले. सुशोभीकरणाच्या बाजूचे म्हणणे खोटे नव्हते. पावसात चिखल होतो, म्हातारी माणसे घसरतात, दिवे नसल्याने बायका उजाडल्याशिवाय येत नाहीत, साप निघतो. विरोधकांचे म्हणणे झाडांचे होते: बांधकाम आले की झाड जाते, आणि पन्नास वर्षांच्या झाडाच्या बदल्यात रोप लावले एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. सकाळी फिरणारेच फलक घेऊन उभे राहिले. यात पळणाऱ्यांचा आवाज बारीक होता, कारण त्यांचा मुद्दा ऐकायला क्षुल्लक वाटतो: पायाखाली काय आहे?

तो क्षुल्लक नाही. बेळगावची तांबडी माती आणि मुरूम दाबून बसवला तर पाऊल किंचित रुतते आणि गुडघ्यावरचा मार कमी होतो. ब्लॉक तेवढी सूट देत नाही. त्यातून इथला पावसाळा. या गावाला उगाच गरिबांचे महाबळेश्वर म्हणत नाहीत. जूनमध्ये लागलेली झड सप्टेंबरपर्यंत हटत नाही. झाडाखालच्या ब्लॉकवर ऊन पोचत नाही, पंधरा दिवसांत हिरवे शेवाळ धरते आणि त्यावर नवे बूटसुद्धा साबणासारखे सरकतात. दोन-चार वर्षांत मुळे ब्लॉक उचलतात, कडा वर येतात. अशाच एका नव्याकोऱ्या ‘ट्रॅक’वर मी जुलैत आडवा झालो आणि सहा आठवडे मनगट गळ्यात बांधून फिरलो. ती बाग कुठली ते सांगत नाही, सगळ्याच बागांत तेच ब्लॉक आहेत. चिखलात घसरलो असतो तर कपडे धुऊन भागले असते, असे अजूनही वाटते. दिव्यांबद्दल माझे मत वेगळे आहे. दिवे हवेत, भरपूर हवेत. पण दिवा लावायला जमीन झाकावी लागत नाही.

रेसकोर्सची गोष्ट उलटी. तिथे कुणी ब्लॉक बसवले नाहीत, आणि गवत, झुडपे, गोल्फचे मैदान असे मोकळे राहिले म्हणूनच ऑगस्ट २०२२ मध्ये बिबट्याने मुक्काम ठोकला. आसपासच्या शाळा बंद झाल्या, पिंजरे लागले, ड्रोन उडाले, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलूच्या तळावरून हत्ती आणले. बिबट्या हाती लागला नाही. फिरायला बंदी आल्याने सगळी गर्दी काँग्रेस रोडवर लोटली आणि गेटपाशी जत्रा भरू लागली. पुढे वाट खुली झाली, तरी पहिले काही महिने लोक घोळक्यानेच जात आणि सगळ्यात हळू पळणाऱ्याला कुणी मागे सोडत नसे. तेवढा एक चांगुलपणा बिबट्याने शिकवला.

या सगळ्यांत जे खरे पळतात त्यांचा उल्लेख राहूनच जातो. खानापूर, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातून आलेली सैन्यभरतीची पोरे. त्यांचे अंतर ठरलेले असते: १६०० मीटर. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत आला तर पूर्ण गुण, अशा हिशेबावर पोरांनी वर्षानुवर्षे तयारी केली. जोडीला नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा. किल्ल्याच्या खंदकाकडे पाहून ‘हा तेवढा नको’ हा विनोद प्रत्येक तुकडीत नव्याने होतो. ही पोरे बागेत जात नाहीत. खोली घेतलेल्या गल्लीबाहेरचा डांबरी रस्ता, नाहीतर एखादे मैदान, एवढेच त्यांचे. जॉगिंग ट्रॅकच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावलेले नाही.

आणि नवरात्र. दुर्गामाता दौड ही बेळगावची वर्षातली सर्वांत मोठी पळापळ, पण तिला इथले लोक पळणे म्हणत नाहीत, दौडच म्हणतात. पाच किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉन म्हणणारे गाव या एका शब्दाबाबत मात्र काटेकोर आहे. पांढरे कपडे, भगवे फेटे, पुढे ध्वज, बरेच जण अनवाणी. मार्ग रोज वेगळा, आणि तो बागेतून किंवा तलावाच्या काठाने नव्हे, तर एरवी पळायला अशक्य अशा त्याच जुन्या गल्ल्यांतून. बायका पहाटे चारला उठून दारापुढे सडा टाकतात. त्या नऊ दिवसांत घड्याळ लावून पळणारे आपला मार्ग बदलतात किंवा तासभर उशिरा निघतात. चौकाचौकात ओली रांगोळी असते, तिच्यावरून बूट न्यायचे नसतात.