अपसामान्य भेदांविषयीचा वैज्ञानिक पत्रव्यवहार (एकोणिसावे शतक)

वनस्पती व प्राणी यांच्यात जातीच्या नेहमीच्या रचनेहून एकाएकी आणि ठळकपणे वेगळी अशी जी रूपे अधूनमधून उपजतात (उदा., जादा बोटांचे मांजर, आखूड पायांची मेंढी, पाच शुंडिकांचे फूल), त्यांना अपसामान्य भेद म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अशा भेदांची माहिती निसर्गशास्त्रज्ञ, बागवान, पशुपैदासकार, वैद्य आणि वसाहतींतील अधिकारी यांच्यामध्ये मुख्यतः पत्रांद्वारे फिरत असे. नवा वाण किंवा नवी जाती अशा विकृत रूपातून एका उडीत निर्माण होऊ शकते काय, हा या पत्रव्यवहारातील कळीचा प्रश्न होता.

या विषयाला शास्त्राचे रूप फ्रान्समध्ये आले. इझिदॉर जोफ्र्वा सेंत-इलेर यांनी १८३२ ते १८३७ या काळात अपसामान्यतांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून विरूपताशास्त्राला ‘टेरॅटॉलॉजी’ हे नाव दिले आणि विकृत शरीरही निश्चित नियमांनीच घडते, हे मत रूढ केले. वनस्पतींसाठी तेच काम मोकें-तांदों यांनी १८४१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये मॅक्सवेल मास्टर्स यांनी १८६९ मध्ये केले. पत्राने कळविलेला एखादा नमुना पुराव्याचा दर्जा कसा मिळवतो, याचे आधीचे एक चांगले उदाहरण म्हणजे अँकन मेंढी होय. मॅसॅचूसेट्समधील सेथ राइट या शेतकऱ्याच्या कळपात १७९१ मध्ये आखूड व वाकड्या पायांचा एक मेंढा जन्मला. कुंपणावरून उडी न मारणारी मेंढरे शेतकऱ्यांना सोयीची वाटल्याने त्याची पैदास वाढविण्यात आली. ही हकीकत कर्नल डेव्हिड हम्फ्रीझ यांनी जोझेफ बँक्स यांना पत्राने कळविली व ती १८१३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. पुढे मेरिनो मेंढ्यांच्या प्रसाराने हा वाण मागे पडून नाहीसा झाला, तरी पन्नास वर्षे तो वादात दाखल्यासारखा वापरला गेला. ब्रिटनमध्ये १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि १८४१ मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ हे साप्ताहिक निघाले. त्यानंतर खासगी पत्र आणि छापील पत्र यांच्यातील सीमा बरीच पुसट झाली.

उपलब्ध पत्रांपैकी सर्वांत मोठा भाग चार्ल्स डार्विन यांच्याभोवती गोळा झालेला आहे. पशुपैदाशीविषयीची छापील प्रश्नावली त्यांनी १८३९ मध्येच काढली होती. कोंबड्या व कबुतरे यांच्याविषयी विल्यम टेगेटमायर, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ आणि मद्रासचे मुलकी अधिकारी वॉल्टर एलियट हे त्यांचे महत्त्वाचे पत्रलेखक होते. एलियट यांनी डार्विन यांना हिंदुस्थानातील कबुतरांची कातडी पाठविली. त्यापूर्वी दक्षिण मराठा मुलखात नोकरीवर असताना त्यांनी तेथील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली होती.

काळ्या खांद्याच्या मोराच्या बाबतीत हिंदुस्थानचा संबंध वेगळ्या रीतीने आला. फिलिप स्क्लेटर यांनी १८६० मध्ये या पक्ष्याला स्वतंत्र जाती मानून ‘पॅव्हो नायग्रिपेनिस’ असे नाव दिले. तो हिंदुस्थानात रानटी अवस्थेत आढळत नाही हे त्यांना मान्य होते, परंतु अन्य एखाद्या देशात तो पुढे सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. डार्विन यांनी मात्र ब्रिटनमधील मोरांच्या मालकांकडून माहिती मिळविली आणि साध्या मोरांच्या कळपांतच हे पक्षी एकाएकी उपजल्याचे अनेक दाखले एकत्र केले. या बाबतीत डार्विन यांचा निष्कर्ष टिकला. दक्षिण अमेरिकेतील न्याटा गुरांची माहितीही अशीच दुरून आली. या गुरांचे कपाळ आखूड व रुंद, खालचा जबडा पुढे आलेला आणि दात कायम उघडे असतात. लुहान येथील फ्रान्सिस्को मुन्यिझ यांनी मिळवून दिलेला तपशील डार्विन यांनी आपल्या प्रवासवृत्ताच्या १८४५ च्या आवृत्तीत घातला. दुष्काळात इतर गुरे झाडांचे शेंडे व बोरू खाऊन तगतात, पण ओठ जुळत नसल्याने न्याटा गुरे आधी मरतात, ही बाब विकृत रूप निसर्गात का टिकत नाही याच्या चर्चेत फार उपयोगी पडली.

वनस्पतींच्या बाबतीत पहिला मोठा खटका ‘बिगोनिया फ्रिजिडा’वरून उडाला. लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिउद्यानातील एका झाडावर नेहमीच्या एकलिंगी फुलांबरोबर द्विलिंगी रचनेकडे झुकणारी फुले आली व त्यांतील परिदले किंजपुटाच्या वर असण्याऐवजी खाली होती. डब्लिनचे प्राध्यापक विल्यम हार्वी यांनी फेब्रुवारी १८६० मध्ये ‘गार्डनर्स क्रॉनिकल’मध्ये हा नमुना मांडला. असे झाड रानात सापडले असते तर वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेगळ्या प्रजातीतच नव्हे, तर बहुधा नव्या कुलात घातले असते, असे त्यांचे म्हणणे होते. डार्विन यांचा जातींच्या उगमावरील ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते, त्यामुळे हा आक्षेप डार्विन यांना लागला आणि त्यांचे वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोझेफ हूकर यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. पुढची महत्त्वाची माहिती क्यू येथे काम केलेले चार्ल्स क्रॉकर यांनी पुरविली. नेहमीच्या फुलांच्या बियांपासून आलेल्या रोपांवरही साधारण त्याच प्रमाणात तशी द्विलिंगी फुले येतात, पण ती स्वतःच्या परागाने फळत नाहीत, असे त्यांना आढळले. या प्रश्नात प्राध्यापकांच्या युक्तिवादापेक्षा रोपे रुजवून पाहणाऱ्या माळ्याचा शब्द अधिक वजनदार ठरला, हे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे.

पेलोरिया, म्हणजे एरवी एकाच प्रतलात सममित असणारे फूल सर्व बाजूंनी सारखे होणे, ही विकृती लिनीअस यांच्या शिष्याच्या १७४४ च्या प्रबंधामुळे प्रसिद्ध होती. मास्टर्स यांनी तिचे नियमित व अनियमित असे दोन प्रकार केले. पहिल्यात वेगळे पडणारे भागच लोप पावतात, तर दुसऱ्यात ते सर्व पाकळ्यांवर येतात. डार्विन यांनी स्नॅपड्रॅगन या बागेतील फुलझाडाच्या पेलोरिक (पेलोरिया असलेल्या) रूपाचा साध्या स्नॅपड्रॅगनशी संकर केला. पहिल्या पिढीच्या दोन मोठ्या वाफ्यांत एकही पेलोरिक रोप निघाले नाही. त्या रोपांच्या पुढच्या पिढीत १२७ पैकी ८८ साधी, २ मधल्या अवस्थेतील आणि ३७ पूर्ण पेलोरिक निघाली. पहिल्या पिढीविषयी शार्ल नोदँ यांना लिनॅरिया या फुलझाडात तसाच अनुभव आला होता. हे आकडे मेंडेल यांच्या तीनास एक या प्रमाणाच्या जवळ जातात, आणि ग्रेगोर मेंडेल यांचा निबंध १८६६ मध्ये छापून झालेला होता. तरीही डार्विन यांनी त्यातून एक पिढी सुप्त राहून बळावणाऱ्या प्रवृत्तीचा अर्थ काढला. लिनॅरियातील पेलोरियाचे कारण ‘सायक्लॉइडिया’ या जनुकाच्या क्रमातील बदल नसून त्यावर चिकटलेले मिथिल हे रासायनिक गट आहेत, हे १९९९ मध्ये दाखविण्यात आले.

अ‍ॅडमच्या लॅबर्नमचा उगम हा या पत्रव्यवहारातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद होय. पॅरिसजवळील वित्री येथील रोपवाटिकाधारक झां-लुई अ‍ॅडम यांनी सुमारे १८२५ मध्ये पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम वृक्षाच्या खुंटावर जांभळ्या फुलांच्या सिटिसस या झुडपाचा डोळा भरला. त्यांच्या सांगण्यानुसार तो डोळा वर्षभर तसाच राहिला, मग त्यातून बरेच फुटवे निघाले आणि त्यांतील एक अधिक सरळ, जोमदार व मोठ्या पानांचा होता. त्याचीच कलमे पुढे युरोपभर गेली. या झाडावर मळकट तांबूस, चकचकीत पिवळी आणि जांभळी अशी तीन तऱ्हेची फुले एकाच वेळी येतात. म्हणजे संकराबरोबर त्याचे दोन्ही मूळ वृक्ष त्याच फांद्यांवर परत प्रकट होतात. अ‍ॅडम यांची हकीकत १८३० मध्ये प्वातो यांनी प्रसिद्ध केली. ती खरी मानली तर दोन जाती परागाविना, केवळ ऊतींच्या मिलनाने एक होतात असे मानावे लागते. ती अविश्वसनीय ठरविली तर हे झाड बियांपासून झालेला साधा संकर ठरते आणि अ‍ॅडम यांची स्मरणात गफलत झाली असे म्हणावे लागते. दुसऱ्या मताच्या विरोधात दोन गोष्टी होत्या. या दोन जातींचा संकर घडविण्याचे प्रयत्न फसले होते. शिवाय रोबेर्ट कास्पारी यांना बीजके विकृत आणि पराग मात्र वरवर बराच चांगला दिसला, तर नेहमीच्या संकरात परागच अधिक बिघडलेला असतो. डार्विन यांनी १८६८ मध्ये सावधपणे पहिल्या मताकडे झुकाव दाखविला, कारण पेशींतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांच्या त्यांच्या कल्पनेला ते पूरक होते. हान्स विंकलर यांनी १९०७ मध्ये कायमेरा (दोन वेगळ्या जातींच्या पेशी शेजारी असलेला एकच देह) ही संकल्पना मांडली आणि एर्विन बाउर यांनी १९०९ मध्ये थरांच्या कायमेराचे स्वरूप स्पष्ट केले, तेव्हा या झाडाचा उलगडा झाला. त्याचा गाभा लॅबर्नमचा असून बाह्यत्वचा सिटिससची आहे. पेशी एकजीव होत नाहीत, शेजारी राहतात. यावरून अ‍ॅडम यांची हकीकत मूलतः विश्वसनीय होती असे मानणे योग्य वाटते, मात्र त्यावरून काढलेला कलमी संकराचा सिद्धांत टिकत नाही.

सैद्धांतिक बाजूने टॉमस हक्सली यांनी २३ नोव्हेंबर १८५९ च्या पत्रातच डार्विन यांना इशारा दिला होता की, निसर्ग उडी घेत नाही हे तत्त्व इतक्या निःशंकपणे स्वीकारून त्यांनी विनाकारण अडचण ओढवून घेतली आहे. उलट बाजूचा आघात जून १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने केलेल्या ‘ऑरिजिन’च्या निनावी परीक्षणातून आला. एकटेदुकटे विकृत रूप समाजात मिसळून काही पिढ्यांत विरून जाईल, असे त्यात दाखविले होते. जेंकिन यांच्यामुळे डार्विन यांचा आनुवंशिकतेविषयीचा विचार कोलमडला, असे जुन्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते. जानेवारी व फेब्रुवारी १८६९ मध्ये अ‍ॅल्फ्रेड वॉलेस यांना लिहिलेली पत्रे पाहता मर्यादित अर्थच अधिक सयुक्तिक दिसतो. लहान वैयक्तिक भेद आपण पूर्वीपासूनच महत्त्वाचे मानत होतो, पण आता ते सर्वांत महत्त्वाचे वाटतात, असे डार्विन तेथे सांगतात. ‘ऑरिजिन’च्या पाचव्या आवृत्तीत (१८६९) हा बदल उतरला.

शतकाच्या अखेरीस विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये ८८६ नमुन्यांचा संग्रह छापून खंडित (मधल्या पायऱ्यांविना एकदम येणाऱ्या) भेदांची बाजू पुन्हा मांडली, आणि ह्यूगो द व्ह्रीस यांनी नेदर्लंड्समधील हिल्व्हरसुमजवळ १८८६ पासून पाहिलेल्या ईनोथेरा या वनस्पतीवरून उत्परिवर्तनाचा सिद्धांत उभा केला.

डार्विन यांची पाठविलेली व त्यांना आलेली मिळून पंधरा हजारांहून अधिक पत्रे ज्ञात आहेत व केंब्रिज येथून ती तीस खंडांत संपादित झाली आहेत. तरी हा साठा एकसारखा नाही. सुमारे १८६२ पर्यंत आलेली पत्रे ते साचली की जाळून टाकत. ठेवलेल्यांपैकी अनेकांचे तुकडे कापून विषयवार बासनांत घातलेले आहेत. डार्विन स्वतः बहुधा वर्ष लिहीत नसत, त्यामुळे पुष्कळ पत्रांचे दिनांक संपादकांनी मजकुरावरून ठरविलेले आहेत. बागवान व पैदासकार यांचा आवाज बहुतेक वेळा डार्विन यांच्या पुस्तकातील उल्लेखापुरताच उरला आहे.