‘विथड्रॉ’: अर्थ अनेक, ओढ एक

अर्ज मागे घेणे, खात्यातून पैसे काढणे, सैन्य माघारी बोलावणे आणि चटका बसताच हात आखडणे या चारही क्रियांसाठी इंग्रजीत ‘विथड्रॉ’ हे एकच क्रियापद चालते. एका शब्दावर इतके अर्थ लादले की मेंदूचे काम अवघड होते, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

डेव्हिड स्विनी यांचा १९७९ मधील प्रयोग मला फार आवडतो. खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळे आणि इतर ‘बग’ सापडले, अशा आशयाचे वाक्य श्रोत्यांना ऐकवले गेले. ‘बग’ म्हणजे कीटक, तसेच चोरून संभाषण ऐकण्याचे उपकरण. तो शब्द कानी पडताक्षणी पडद्यावर एक वर्णसमूह उमटे आणि तो खरा शब्द आहे की नाही, हे श्रोत्याने झटपट सांगायचे असे. संदर्भ पुरेसा स्पष्ट असूनही ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द असंबद्ध शब्दापेक्षा लवकर ओळखले गेले. वाक्य तीन अक्षरे पुढे सरकल्यावर मात्र हा लाभ फक्त ‘मुंगी’ला उरला. म्हणजे संदर्भ दारात उभा राहून नको त्या अर्थाला अडवत नाही. आधी सगळे आत येतात आणि मग निवड होते.

तरीही ‘बग’च्या या दोन अर्थांत आणि ‘विथड्रॉ’च्या अर्थांत फरक आहे. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये असे आढळले, की परस्परांशी संबंध नसलेले अर्थ असणारे शब्द ओळखायला वेळ लागतो. एकमेकांच्या नात्यातले अनेक अर्थ असणारे शब्द उलट लवकर ओळखले जातात. परके अर्थ स्पर्धा करतात, सख्खे अर्थ एकमेकांना हात देतात, असे त्याचे ढोबळ स्पष्टीकरण देता येईल.

‘विथड्रॉ’मधले नाते ओढण्याचे आहे. ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणे. ‘विथ’चा इथला अर्थ आजचा ‘सह’ नसून ‘मागे, दूर’ असा आहे आणि ‘विरुद्ध’ हा त्याचा जुना अर्थ ‘विथस्टँड’मध्ये टिकून आहे. (व्युत्पत्तीत शब्दाचा ‘खरा’ अर्थ दडलेला असतो, असे छातीठोक सांगणाऱ्यांनी मग रोजच्या ‘विथ’चा अर्थही ‘विरुद्ध’च लावावा.)

व्यसन सोडताना होणाऱ्या ‘विथड्रॉवल’च्या त्रासात मात्र ही ओढ अंधूक होते. मद्याच्या शामक परिणामाला सरावलेली चेतासंस्था मद्य थांबताच अतिउत्तेजित होते. हाताला कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. हा अर्थ सख्खा मानायचा की चुलत, यावर कोशकारांचेही एकमत होईलच असे नाही.