नखाच्या कडेला दिसणारा आजार

लष्कर भागात जानेवारीत नळाच्या पाण्याला हात लावावासा वाटत नाही. माझ्या आत्याची बोटं त्या पाण्यात आधी पांढरीफटक पडतात, मग निळी होतात आणि ऊब मिळाली की लाल. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगितली. दृष्टीने रक्तवाहिन्या आकसत नाहीत. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच हा रंगबदल लिहून ठेवलाय. पुष्कळांना तो फारसा त्रास देत नाही. आत्याला मात्र ती सिस्टिमिक स्क्लेरोसिसची, म्हणजे त्वचा कडक करणाऱ्या एका आजाराची सुरुवात निघाली. यात आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्यावर उलटते.

नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, की निरोगी माणसाच्या केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, केसांच्या आकड्यांसारख्या ओळीने दिसतात, एका मिलिमीटरमध्ये सात तरी. आत्याच्या बोटावर काही आकडे फुगलेले होते, मध्ये रक्ताचे तपकिरी ठिपके, आणि एका जागी नुसती मोकळी त्वचा.

हे होतं कसं? केशवाहिनीची भिंत एका पेशीच्या जाडीची. शेजारशेजारच्या पेशींना व्हीई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं, गोधडीच्या टाक्यांसारखं. टाके उसवले की भिंत पाझरते, वाहिनी बेढब होते, पुढे नाहीशी होते. नवी फुटायला हवी, पण या आजारात इंटरफेरॉन-अल्फा हे प्रतिकारयंत्रणेचं निरोप्या प्रथिन वाढलेलं असतं आणि ते नव्या वाहिन्यांची वाढ रोखतं.

या आजारावर एक उपचार म्हणजे मूळपेशींचं (स्टेम सेलचं) प्रत्यारोपण. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी, म्हणजे नव्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी, काढून गोठवतात, जबर औषधांनी बिघडलेली प्रतिकारयंत्रणा जवळजवळ पुसून टाकतात आणि मूळपेशी परत सोडतात. त्या जाऊन वाहिन्या विणतात, असा समज आहे. पण त्यांचं मुख्य काम नव्याने प्रतिकारयंत्रणा उभी करणं. हल्ला थांबला की वाहिन्यांना सावरायला वाव मिळतो. २००८ च्या एका अभ्यासात उपचारानंतर त्वचेत केशवाहिन्या पुन्हा दिसल्या, कॅडहेरिन परतलं, इंटरफेरॉन उतरलं.

म्हणून 'स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या' म्हणणाऱ्या जाहिरातींचा मला संताप येतो. युरोपातल्या अ‍ॅस्टिस चाचणीत या प्रत्यारोपणाची नुसत्या औषधाशी तुलना केली; तीत १५६ रुग्ण होते. प्रत्यारोपणाच्या गटातले ७९. त्यांतले ८ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळेच दगावले. पुढच्या वर्षांत मात्र औषधाच्या गटापेक्षा याच गटातले जास्त जण जगले. त्यामुळे हा मार्ग झपाट्याने वाढणाऱ्या, गंभीर आजारासाठीच.

आत्याचा आजार तिथवर पोचलेला नाही. ती निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध घेते, लोकरीचे हातमोजे घालते आणि भांडी कोमट पाण्याने धुते.